आठवीच्या फळ्यावर माहा अर्ज

माहं माहेर संग्रामपूर तालुक्यातलं, पार सातपुड्याच्या पायथ्याले, गावाचं नाव घेऊन काही फायदा नाही ताई, तुम्ही जाणार नाही अन् गेल्या तरी तिथं पाहण्यासारखं काही नाही. बाप संत्र्याच्या बगिच्यात राखणीले होता, बगिचा दुसऱ्याचा, संत्रे दुसऱ्याचे, वांदरं तेवढे आमचे, कारण का ते हाकलाचं काम आमचं. माय लोकाइच्या वावरात निंदाले जाये. आम्ही तिघी बहिणी, मी मधली, अन् मधली पोरगी घरात कोणाच्या ध्यानातच राहत नाही, थोरलीचं लगन कराचं असते अन् धाकटीले कडेवर घ्याचं असते. म्हणून मी शिकली. आमच्या विहारात संध्याकाळची वंदना झाली का एक गुरुजी पोट्ट्याइले बसवून पाढे घेत, तिथं मी सगळ्यात पुढं. बारावी झाली मी, काय समजता. इंग्रजीत काठावर, पण झाली.

आता अर्जाचं सांगतो, कारण का पुढचं सारं त्याच्यानंच झालं. माहा बाप घरकुलासाठी अर्ज देऊ देऊ थकला होता. मंग कोणीतरी सांगतलं का तहसीलीसमोर निंबाखाली एक बुढा बसते, त्याच्या हातचा अर्ज फेल जात नाही. बाप मले संगं घेऊन गेला. बुढ्यानं चष्म्यावरून पाह्यलं, म्हणे घरात मेलं कोण? बाप म्हणे कोणीच नाही जी, सारे धडधाकट हायेत. बुढा म्हणे मंग कसं होईन बापा तुहं, बिमार तरी कोण हाय? बाप म्हणे माही माय, तिचे गुडघे दुखतात. बुढ्यानं लिहिलं, आई दोन्ही डोळ्यांनी अंध असून. माही आजी, काय सांगू तुम्हाले, चिमणीच्या उजेडात सुईत धागा ओवे, अन् त्या कागदावर आंधळी होऊन बसली. बाप भेला. बुढा म्हणे काऊन भेतं बे, अर्ज म्हणजे रडणं, रडल्याबिगर माय बी दूध पाजत नाही, साहेबाच्या डोळ्यात पाणी नाही आलं त तो सही कायले करीन? अन् घरकुल भेटलं. खरंच भेटलं. तवापासून माह्या डोक्यात पक्कं बसलं का अर्ज असाच राहते, वरतून खालपर्यंत रडलेला, अन् शेवटी आपली आज्ञाधारक. आमच्या इकडं कोणालेबी विचारा, आम्ही सारे असेच अर्ज लिहितो, अन् ज्याच्या घरी रडण्यासारखं काही नसते त्यालेच टेन्शन येते.

लगन नांदुऱ्याले झालं. नवरा जिनिंगमधी कापसाच्या गाठी भरे, मंग ट्रकवर गेला, ट्रक सुरतले जाये. एक दिवस ट्रक वापस आला, किन्नर, म्हणजे क्लीनर, वापस आला, हा नाही आला. तिकडं कोण्या बाईसंगं राहून राह्यला म्हणे. सासू त्या धसक्यानं पडली, अर्धं आंग गेलं तिचं, अन् मले म्हणे तुह्यानंच पळाला. मी म्हणलं हाव, माह्यानंच पळाला, आता तोंड उघडा, भाकर घालतो. मी काही त्याच्या नावानं रडत बसली नाही. गेला त गेला, चार भाकरी कमी लागतात. पण पदरात पोरगी होती, स्नेहल, अजून बोबडं बोले, अन् खाटेवर बुढी.

आमच्या इथं एक इंग्लिश मिडियम शाळा हाय, नाव नाही सांगत, तुम्ही छापसान अन् ते माह्या दारात येतीन. तिथं मावशी पाह्यजे होती. मावशी म्हणजे झाडू, फडकं, पाण्याच्या टाक्या, मॅडम लोकाइचा चहा, घंटा, अन् नर्सरीच्या पोट्ट्याइची शी-शू. मोठ्या मॅडमनं, म्हणजे प्रिन्सिपॉलनं, मले ठेवून घेतलं. मी हात जोडून म्हणलं मॅडम माही पोरगी बी घ्या शाळेत. त म्हणे घेऊ, फीमध्ये सवलतही देऊ, पण एक लक्षात ठेवा सुनंदा, स्कूलमध्ये तुम्ही तिची आई नाही, बाकीच्या पॅरेंट्सना असलं आवडत नाही, तिनंही तुम्हाला सगळ्यांसारखं मावशीच म्हणायचं. मी म्हणलं हाव मॅडम. गरजवंताले अक्कल नसते, हाव म्हणाले कितीसा वेळ लागते.

पह्यल्या दिवशी स्नेहल आई आई करत धावत आली मधल्या सुट्टीत, मी तिले भिताडाच्या मांगं नेलं अन् म्हणलं मावशी म्हण. ती रडे. मी म्हणलं रडू नको, मावशी म्हण. दुसऱ्या हप्त्यात शिकली. हुशार पोरगी, तिले एकच गोष्ट दोनदा नाही सांगावी लागत. मंग इतकी शिकली, इतकी शिकली का पाचवीत गेली त मले म्हणे, तू मोठ्या रोडनं जात जा, मी मांगच्या गल्लीनं येतो. सगळ्या पोरीत तिनं सांगून ठेवलं होतं का माहे पप्पा गुजरातले मोठ्या कंपनीत हायेत. मी काय म्हणणार होती? गुजरातले त होताच तो.

अन् डबे. नर्सरीचे पोट्टे अर्धा डबा तसाच ठेवतात, पराठा, इडली, उपमा, कोणाच्या डब्यात शिरा. मायबाईनं सकाळी उठून केलेलं अन्न, मले कचऱ्यात टाकवत नव्हतं. मी प्लास्टिकच्या पन्नीत काढून घरी नेत होती. आम्ही तिघी खात होतो. स्नेहलले माहीत होतं ते कुठलं हाय, तिनं कधी विचारलं नाही, फक्त खाताना दार लोटून घेये.

नर्सरीच्या मॅडम टिकत नव्हत्या. कोणाचं लगन होये, कोणी बाळंतपणाले जाये, अन् जी असे ती मोबाईलवर. वर्ग मीच सांभाळत होती. सारे गाणे मले पाठ, इंग्रजी गाणे, हातवाऱ्यासहित. शाळेत राहूनच मी मुक्त विद्यापीठाचं बी.ए. केलं, झाडू मारता मारता, सासूचं हागणं-मुतणं काढता काढता. मंग एका साली नर्सरीची जागा खाली झाली. स्टाफरूममधी मोठ्या मॅडम बोलून राह्यल्या होत्या का बी.ए. झालेली बाई चालेल, इंग्रजीत स्वतः लिहिलेला अर्ज पाहिजे. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. चहा वाटून झाला तरी मी तिथून हालली नाही.

तुम्ही म्हणसान पगारासाठी. खोटं कायले बोलू, पगार बी पाह्यजे होता. पण त्याच्याहून जास्ती मले हे पाह्यजे होतं का त्या गेटवर माह्या पोरीनं मले आई म्हणावं. मॅडम लोकाइच्या पोरी शिकत होत्याच ना तिथं, त्या मम्मी मम्मी करत स्टाफरूममधी घुसत, त्याइले कोणी काही म्हणत नव्हतं. नियम फक्त मावशीले होता. मी मॅडम झाली का माहावाला नियम संपला, असा माहा हिशोब. दुसरं काहीच नव्हतं माह्या डोक्यात, जेवताना तेच, फडकं मारताना तेच.

मी अर्ज लिहिला. इंग्रजीत, डिक्शनरी घेऊन. अन् आता तुम्हीच सांगा, मले अर्ज शिकवला कोणी? निंबाखालच्या बुढ्यानं. मी रडली त्याच्यात, पोटभर रडली. माय हजबंड हॅव रन विथ अदर लेडी टू सुरत. माय मदर-इन-लॉ इज हाफ डेड. माय डॉटर इज इटिंग रिमेन टिफिन ऑफ नर्सरी चिल्ड्रन्स. म्हणजे माही पोरगी नर्सरीच्या लेकराइचे उरलेले डबे खाते, हे बी लिहिलं. मले वाटलं, हे वाचून मोठ्या मॅडमच्या डोळ्यात पाणी येईन. फक्त पोरीचं नाव टाकलं नाही. एवढी अक्कल होती.

पण इंग्रजी आपलं काठावरचं, चुका असतीन हे माहीत होतं. पोरीले दाखवावं त तिले डब्याचं लिहिलेलं कसं दाखवू? आठवीले होती ते, नाकावर राग. म्हणून मी राऊत सराइले दाखवला. राऊत सर इंग्लिशचे, त्याच साली लागलेले, अकोल्याहून रोज रेल्वेनं येत, माणूस वाईट नव्हता, आल्या आल्या मावशी चहा बरा झाला बरं का म्हणे. त्याइले माहीतच नव्हतं का स्नेहल माही पोरगी हाय, मोठ्या मॅडमचा नियम असा पक्का का नव्या माणसाले कोणी सांगतच नव्हतं. मी म्हणलं सर, एवढ्या चुका काढून द्या. सर म्हणे ठेवा, गाडीची वेळ झाली, उद्या पाहतो.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. शनिवारी राऊत सराइची एक पद्धत होती. चुकीचा उतारा फळ्यावर लिहाचा अन् एकेका पोराले उठवून त्याच्या चुका दुरुस्त करून घ्याच्या. पोरं भल्ले खूश राहत त्या तासाले. सर पेपरातून, गाइडातून उतारे घेत. त्या दिवशी सराइनं विचार केला असन, मावशीचं काम बी होऊन जाईन अन् तास बी होईन.

मी आठवीच्या व्हरांड्यात पोछा मारून राह्यली होती. आतून खी खी हासणं आलं. मी म्हणलं झालं काय, म्हणून खिडकीतून पाह्यलं. बाई वं. फळाभर माहा अर्ज. नाव नव्हतं खाली, तेवढं पुसलं होतं सराइनं, पण बाकी सारं जसंच्या तसं. सुरत. अदर लेडी. हाफ डेड. अन् एक पोट्टा उभा राहून मोठ्यानं वाचून राह्यला होता, माय मदर-इन-लॉ इज हाफ डेड, अन् सारा वर्ग बाकावर हात मारून मारून हासे. सर बी हासले. म्हणे हाफ डेड नसते बेटा, पॅरलाइज्ड. एक पोरगी म्हणे सर, ही मुलगी कोण आहे, दुसऱ्यांचे डबे खाणारी, शी! सर म्हणे असंच उदाहरण आहे, तुम्ही चुका शोधा. त्याइले काय माहीत का ते शी कोणाले लागून राह्यलं होतं.

माही पोरगी पह्यल्या बाकावर बसली होती. मले तिची फक्त वेणी दिसे. मी घातलेली वेणी.

सर म्हणे हे आता सोपं नाही राह्यलं, टॉपरला बोलावू, स्नेहल, कम. ती उठली. मले वाटलं आता ती धावत बाहेर येते का काय, रडते का काय, अन् खरं सांगतो, मले वाटलं तसंच करावं तिनं. नाही. तिनं खडू घेतला अन् एकेक चूक दुरुस्त करू लागली, ताठ उभी राहून, जसा काही दुसऱ्याचा बाप पळाला होता. रन नाही सर, रन अवे. अदर नाही, अनदर. चिल्ड्रन्स नसते, चिल्ड्रन. डब्याच्या ओळीवर आली तिथं बी थांबली नाही. म्हणे सर, इथं लेफ्टओव्हर पाहिजे. पाठीमागून कोणीतरी म्हणलं लेफ्टओव्हर गर्ल, अन् वर्ग पुन्हा फुटला. ती बी हासली. माह्या डोळ्यानं पाह्यली मी तिले हासताना.

मंग सर म्हणे व्हेरी गुड, पण आता मला सांगा, नोकरीच्या अर्जात हे सगळं रडगाणं पाहिजे कशाला? शाळेला तिच्या नवऱ्याचं काय करायचं? स्नेहल, पुसून टाक. तिनं डस्टर घेतलं अन् नवरा पुसला, सासू पुसली, डबा पुसला, स्वतःले बी पुसलं. राह्यल्या चार ओळी. मी बी.ए. हाय, मले लहान मुलं आवडतात, मले संधी द्या, आपली विश्वासू. सर म्हणे आता हा अर्ज झाला. अन् सगळ्याइनं टाळ्या वाजवल्या. पोरगी वापस येताना खिडकीकडं पाहून गेली, तिले दिसली मी, पोछ्याची काठी धरलेली. तिनं नजर बी नाही हालवली.

सुट्टी झाल्यावर सराइनं मले कागद दिला. म्हणे मावशी, तुमचा अर्ज फर्स्ट क्लास करून आणला, आमच्या टॉपरनं फेअर केला, तिचं अक्षर फार छान आहे, फक्त सही करा. मी पाह्यलं, माह्याच पोरीचं अक्षर. माह्या जिभेवर आलं होतं का सर, तुमच्या तोंडात शेण, पण त्याचं काय चुकलं? मी चुका काढाले सांगतलं, त्यानं काढल्या. मी म्हणलं उपकार झाले सर.

घरी आली त ती चूल पेटवून बसली होती. गॅस संपला होता. मी म्हणलं स्नेहल. तिनं चुलीत अजून एक काडी सारली. मी डब्यातलं ताटात काढलं, सवयीनं, दोन पराठे होते. तिनं ताट उचललं अन् चुलीत टाकलं, स्टीलचं ताट, पराठ्यासहित. म्हणे तुले लाज नाही का वं? भिकाऱ्यावानी लिहिलं सारं? तू मरून काऊन नाही जात? मी उठली अन् हाणली तिले. कानाखाली हाणली, पाठीत हाणली, हात दुखेपर्यंत हाणली. सासू खाटेवरून बघे अन् हासे अर्ध्या तोंडानं. मले वाईट वाटलं का म्हणता? नाही वाटलं. आजबी वाटत नाही. ज्या तोंडानं ते वर्गात हासली त्याच तोंडावर हाणली मी. पण मार खाताना ते रडली नाही, हे मात्र माह्या काळजात गेलं. त्या दिवसापासून तिनं त्या पन्नीतलं काही खाल्लं नाही. भाकर-मिरची खाल्ली, उपाशी झोपली, पण ते नाही.

अन् अर्ज मी दिला. हाव, तोच दिला, चार ओळीचा, पोरीच्या अक्षरातला. एवढं सारं झाल्यावर कायले सोडू? मोठ्या मॅडमनं वाचला. म्हणे सुनंदा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी म्हणलं नाही मॅडम, मी लिहिलेलं दुसरं होतं. म्हणे स्वतः लिहायचं असं सांगितलं होतं ना? मंग चष्मा काढून ठेवला अन् गोड बोलल्या, गोड बोलल्या का समजाचं गेलं काम. म्हणे हे पाहा, तुम्ही कामाला चांगल्या आहात, पण उद्या पॅरेंट्सच्या ग्रुपवर कोणी टाकलं की काल जी मुलांना धुवत होती ती आज शिकवते, तर मी काय उत्तर देऊ? मी म्हणलं मॅडम, धुणारे हात बी तेच अन् शिकवणारे बी तेच, आताबी मीच सांभाळतो वर्ग. म्हणे म्हणूनच तर, तुम्ही गेलात तर ते काम कोण करेल? बाहेर एक कॅंडिडेट बसल्यात, दोन चहा आणा.

आणला चहा. काय करणार होती? दोन कप, एक मॅडमले अन् एक जिले माही जागा भेटली तिले. ते पोरगी चांगली होती बिचारी, पह्यल्याच दिवशी म्हणे मावशी, ही मुलं खूप रडतात हो, तुम्ही जरा बसता का यांच्याजवळ, माझा एक कॉल आहे. बसली मी.

असे साल गेले. सासू मेली. स्नेहल दहावीले शाळेत पह्यली आली, मंग खामगावले कॉलेज, मंग बी.एड. मी मावशीची मावशीच. घरात आमचं बोलणं कामापुरतं, मीठ दे, दार लाव. पण शिकवली मी तिले, एक रुपया कमी पडू दिला नाही, डबे त आणत होतीच, आता एकटी खात होती. अन् मले मनात वाटे का हे पोरगी कुठं तरी पुण्या-मुंबईले जाईन, मोठी होईन, मंग तिचा राग जिरंन.

नाही गेली. मांगच्या उन्हाळ्यात म्हणे, मी आपल्या शाळेत अर्ज केला होता, झालं सिलेक्शन. मी म्हणलं कोणत्या शाळेत? म्हणे आपल्या. नर्सरी-केजीची इन्चार्ज. मले आधी कळेना हासू का रडू. पोट्टे मी सांभाळू अन् वर्ग माही पोरगी घेईन, मायलेकी एका खोलीत, असं डोळ्यासमोर आलं, खोटं नाही सांगत, मले लय आनंद झाला ताई. मी गूळ शोधाले लागली डब्यात. त म्हणे मम्मी, थांब, एक अट हाय. मोठ्या मॅडम म्हणतात, इन्चार्जची आई त्याच विंगचे बाथरूम धुते हे बरं नाही दिसत. तुले सोडावं लागीन.

मी म्हणलं तू नाही म्हण त्याइले, दुसऱ्या शाळा मेल्या का? ती म्हणे तुले तेच जागा पाह्यजे होती ना? आता घरात येऊन राह्यली. अन् तू नसली तिथं त मी तुले आई म्हणू शकतो, कोणासमोर बी. बोलताना आवाज एकदम साधा, जसं काही दुधाचं सांगून राह्यली. मी म्हणलं म्हणजे मी काम सोडल्यावर तुही आई होणार? ती म्हणे मम्मी, भर वर्गात मेली होती मी त्या दिवशी, तू खिडकीतून पाहत होती, तू आत आली का? तू आली का आत, मले घ्याले? मी नव्हती गेली आत. पोछा मारून राह्यली होती मी, नोकरी होती माही.

तिनं राजीनामा लिहूनच आणला होता, इंग्रजीत, दोन ओळीचा, एक चूक नाही. घरगुती कारणामुळं काम सोडतो, आजपर्यंत संधी दिली म्हणून आभार. मी सही केली. तिनं हातात घेऊन पाह्यला, म्हणे मम्मी, तारीख टाकायची राह्यली. टाकली.

आता घरीच असतो. शाळेची घंटा इथपर्यंत ऐकू येते, ते वाजली का अजून पाय उचलतात माहे, मंग बसतो खाली. पोरीनं गॅसची दुसरी टाकी आणली, मले कुकर आणला, चांगली वागते. अन् शब्दाची पक्की निघाली. परवा शाळेचं गॅदरिंग होतं, मले घेऊन गेली, तिचीच साडी नेसवली, पालकाइच्या खुर्च्यात पुढं बसवलं. अन् म्हणली ती. गेटवर म्हणली, स्टेजजवळ म्हणली, एका डॉक्टरीणबाईले म्हणली, ही माझी आई. किती साल वाट पाह्यली होती मी त्याची, ताई, माह्या डोळ्यातून पाणी आलं, मी पदरानं पुसलं.

त्याच टायमाले केजीतली एक चिमुकली नाचाच्या ड्रेसात, चमकीचा घागरा घालून, लोकाइच्या पायातून वाट काढत आली अन् माहा पदर धरला. म्हणे मावशी, शू. मांगच्या साली एवढीशी होती, मीच बसवत होती तिले, ओळखलं तिनं. मी उठली बी. अर्धी उठली असन, तसा स्नेहलनं माहा हात दाबला. पुढं पाहत होती, डॉक्टरीणबाईसंगं हासत होती, अन् हळूच म्हणे, मम्मी, बस. मी म्हणलं लेकराले लागली हाय. म्हणे बस म्हणलं ना. नवी मावशी येईल.

मी बसली. ते लेकरू पदर सोडेना, मावशी मावशी करे, मंग चूप झालं, अन् तिथंच माह्या पायाजवळ त्याची धार लागली, घागऱ्यातून, चमकीतून. पोट्टे हासले. लेकरू रडाले लागलं. नवी मावशी फडकं घेऊन धावली, माह्या पायाखालचं पुसाले वाकली, म्हणे ताई, पाय वर घ्या जरा. घेतले मी वर. स्नेहल माह्या कानाशी आली अन् म्हणे, थँक यू मम्मी. सुखी राह्य बाई, म्हणलं. दुसरं काय म्हणू?